सफाई केलेले डोळे

दोन हजार चोवीस साल. मला अठ्ठ्याहत्तरावं लागलं होतं. फेब्रुवारी संपत आला होता आणि चंदीगडचं ऊन पुन्हा अंगाला लागायला लागलं होतं. रविवार होता. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत माझी खुर्ची असते, तिथं मी पाय पसरून बसलो होतो. नात लॅपटॉप घेऊन आली आणि शेजारी वेताचा बुटका मोडा ओढून बसली.

"आबाजी, तुमची हेल्प पाहिजे. आज, पक्का."

ही पोर लहानपणी आबा म्हणायला शिकली आणि शेजारपाजारचं ऐकून तिनं त्याला जी जोडला. मराठी तिला सगळं कळतं, बोलताना मात्र निम्म्या वाटेवर हिंदीत उतरते. बत्तीस सेक्टरच्या मेडिकल कॉलेजात ती तिसऱ्या वर्षाला होती. माझी शाळा चार इयत्ता. तिला माझी मदत लागेल असं काही जगात असेल असं मला वाटलं नव्हतं, पण तसं मी दाखवलं नाही.

"बोल. कशात अडलंय?"

मंगळवारी तिला कॉलेजात वीस मिनिटं बोलायचं होतं. विषय असा, की युरोपातल्या जुन्या चित्रकारांनी तीनशे-चारशे वर्षांपूर्वी जी माणसं रंगवली, त्यांच्या अंगावर आजच्या डॉक्टरांना कुठले कुठले रोग दिसतात. चित्रकाराला रोगाचं नाव माहीत नाही, समोर बसलेल्याला माहीत नाही, त्या काळात कुणालाच माहीत नाही. पण रोग मात्र रंगात येऊन बसलेला.

"रोग मी बघते," ती म्हणाली. "रंगाचं तुम्ही सांगा. सरांनी विचारलं, की हा खरंच रोग आहे की पेंटरची मिस्टेक, तर मी काय सांगू?"

पेंटर तर मी होतो. बार्शीत, चाळीस-बेचाळीस वर्षं. दुकानांच्या पाट्या, ट्रकांच्या पाठी, निवडणुकीच्या भिंती आणि तसबिरी. अक्षरं मी वाचायच्या आधी रंगवायला शिकलो. पुढं फ्लेक्स आले, ब्रश ठेवून द्यावा लागला आणि मी मुलाकडं चंदीगडला आलो, तो भाग वेगळा. तसबिरीचं काम असं, की घरातलं माणूस गेलं की लोक त्याचा असेल तो फोटो घेऊन यायचे. कुणाचा लग्नातल्या घोळक्यातला, कुणाचा कसल्या तरी फॉर्मवरचा फाटका. त्याच्यावरून मी हातभर मोठं चित्र करून द्यायचो. फोटो हातात देताना सगळे एकच सांगायचे, "पेंटर, जरा सफाई करून द्या."

सफाई म्हणजे देवीचे व्रण भरायचे, पडलेला दात बसवायचा, तिरळा डोळा सरळ करायचा, आजारानं बसलेले गाल वर आणायचे. जिवंतपणी माणूस कधी दिसला नाही इतका चांगला माझ्या हातून भिंतीवर जायचा. माझी सफाई सगळ्या तालुक्यात नावाजलेली होती. ही फुशारकी आहे, पण खरी आहे.

तर नातीनं पहिलं चित्र उघडलं. मांडीवर बाळ घेतलेली तरुण आई. गळा पुढून भरलेला, आवंढा गिळताना तिथंच थांबावा तसा.

"गलगंड," नात म्हणाली. "तिकडे डोंगरातल्या पाण्यात आयोडीन नव्हतं. अब बताओ, मिस्टेक आहे का?"

मी चष्मा पुसला. लॅपटॉप उन्हातून आत सरकवायला लावला आणि गळ्यावरचा उजेड बघितला.

"चूक नाही. हात चुकला असता तर सावलीही चुकली असती. सावली कशी गोल फिरवलीय बघ. बघून काढलंय त्यानं. आणि मला वाटतं, त्या गावात सगळ्याच बायकांचा गळा असा असणार. त्याला तो देखणा वाटला असेल."

ती भराभर टाइप करत होती. माझं बोलणं कुणी लिहून घेतंय, हे मी जन्मात पहिल्यांदा बघत होतो.

पुढं एक म्हातारा आला. नाक द्राक्षाच्या घडासारखं, गाठीगाठींचं. त्याच्या मांडीशी एक पोर, नातू असावा. मान वर करून ते त्या नाकाकडं बघतंय. किळस नाही, भीती नाही. आपलं माणूस आहे म्हणून बघतंय.

"ह्याची सफाई का नाही केली?" मी म्हटलं. "मोठ्या घरचा दिसतोय. अंगावरचं कापड बघ."

"केली असती तर आम्हाला काय मिळालं असतं?" नात हसून म्हणाली.

मग एक उघड्या अंगाची बाई आली. मी नजर काढून घेतली.

"आबाजी, शरमाओ मत. पेशंट आहे ती."

मग पाहिलं. एका स्तनाची कातडी आत ओढली गेली होती, संत्र्यात बोट रुतावं तशी. ती बाई फळांच्या टोपलीकडं बघत होती. तिला काही माहीत नव्हतं. रंगवणाऱ्याला तिथं सावली दिसली, त्यानं सावली लावली. मला त्या बाईचं वाईट वाटलं. इतक्या वर्षांपूर्वी मेलेल्या बाईचं वाईट वाटून घेणं हा वेडेपणा, पण ती अजून टोपलीकडं बघतच होती ना.

"हा बघा," नात म्हणाली, "हा जॉन्डिस. इथे मी शुअर आहे."

पिवळ्याजर्द चेहऱ्याचा एक माणूस, हातात कसलासा कागद. मी जरा वेळ बघितलं आणि मला हसू आलं.

"कावीळ नाही ही. वार्निश आहे."

"म्हणजे?"

"चित्र झालं की वरून वार्निशचा हात देतात. जुनं झालं की ते पिवळं पडतं. त्याच्या गळ्याची कॉलर बघ. तीही पिवळी आहे. कॉलरला कावीळ होत नाही."

ती इतक्या जोरात हसली की सून स्वयंपाकघरातून कणकेच्या हातानं बघायला आली. मी दोघींना समजावून सांगितलं, की कॉलर पांढरी आणि माणूस पिवळा असेल तर रोग, दोन्ही पिवळे असतील तर वार्निश.

"आबाजी, यार, तुम्ही तर सरांच्या पण वर निघाले." तिनं ते वेगळ्या पानावर मोठ्या अक्षरांत घेतलं: आबाजींची कॉलर टेस्ट. मी मिशीतल्या मिशीत हसलो. चार इयत्ता शिकलेल्याची टेस्ट डॉक्टरांच्या कॉलेजात जाणार होती. आता कितीही चित्रं आण म्हटलं.

मग ती बाई आली.

काळा पोशाख, केसांवर पातळ कापड, गळ्याला मोठी चुणीदार पांढरी कॉलर. वय पस्तीस-छत्तीस. साधी, घरातली बाई वाटली, कुणी बस म्हटलं म्हणून बसलेली. आणि दोन्ही डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्याला, नाकाच्या बाजूनं, पापणीवर पिवळसर उंचवटे. मसुरीच्या डाळीएवढे.

रंग मी लगेच ओळखला. पिवळ्या पिवडीत सफेदा, आणि ब्रशाच्या टोकाला लागेल एवढी तांबडी काव. तो रंग मी एकदा कालवला होता आणि लावला नव्हता.

"हे चरबीचे डाग आहेत," नात सांगत होती. "काही लोकांना असेच येतात, कुछ नहीं होता. पण कमी वयात आले तर रक्त तपासायला पाहिजे. काही घरांत कोलेस्टेरॉल जन्मापासूनच खूप असतं. आईकडून मुलाला येतं. बाहेरून माणूस एकदम ठीक, काही दुखत नाही. आणि एक दिवस अचानक हार्ट." तिनं चुटकी वाजवली.

मी चष्मा काढून हातात घेतला.

"आजी पण हार्टनेच गेली ना? छत्तीसची होती. आणि आबाजी, पप्पांच्या डोळ्यांत ती रिंग आहे, बुबुळाच्या भोवती, सफेद सी. तुमच्या वयात ठीक आहे, पण त्यांना पन्नास पण नाही झाले. मी तीनदा सांगितलं, टेस्ट करा. ते म्हणतात, मी फॅक्टरीत रोज लाखो गोळ्या तपासतो, मला कोण तपासणार." तिनं मान वळवून आत हॉलमध्ये बघितलं. समोरच्या भिंतीवर तिच्या आजीची तसबीर आहे, मी रंगवलेली, चंदनाचा हार घातलेली. "पण आजीचे डोळे तर क्लिअर आहेत. काहीच नाही. म्हणून मी जास्त फोर्स केला नाही."

मग परत लॅपटॉपकडं वळून म्हणाली, "तर बोला. ह्या बाईचं काय? रोग की वार्निश?"

"वार्निश," मी म्हटलं.

तिनं ते लिहून घेतलं.

ती तसबीर मी बायको जिवंत असताना रंगवली होती. गणपतीत गावातल्या वाचनालयात चित्रांचं प्रदर्शन भरायचं. हायस्कूलचे ड्रॉइंग मास्तर चारचौघांत म्हणाले होते, "पेंटर फोटोवरनं काढतो. त्याच्यापुढं जिवंत माणूस बसवा, मग बघू." ते माझ्या डोक्यात गेलं. मी बायकोला पुढं बसवलं. आठ दिवस, दुपारच्या उजेडात. ती भाकरी-कालवण उरकून स्टुलावर यायची आणि मांडीवर सूप घेऊन शेंगा फोडत बसायची, कारण नुसतं बसणं तिला ठाऊकच नव्हतं.

तेव्हा तिच्या डोळ्यांपाशी ते डाग येऊन वर्ष झालं होतं. उजवीकडं एक, मसुरीच्या डाळीएवढा. डावीकडं दोन, भाताच्या शितासारखे. समोर बसली तेव्हा तिनंच विषय काढला.

"अवो, हे बघा की काय आलंय. दवाखान्यात दावून येऊ का?"

"दुखतंय का?"

"न्हाई."

"मग डॉक्टरला काय दावणार? डाग? डागाचं काम माझं आहे."

मी थट्टेत बोललो. तीही हसली आणि पुढची शेंग फोडली.

सातव्या दिवशी डोळे पुरे करायला घेतले. काचेच्या तुकड्यावर तो रंग कालवला, ब्रश भरला, आणि मला मास्तरांचा आवाज कानात आला. बघा, पेंटरच्या ब्रशाचे शिंतोडे उडालेत. मी रंग फडक्यानं पुसला आणि पापण्या गुळगुळीत करून टाकल्या. हाताला सवयच ती.

चित्र झालं तेव्हा तिनं जवळ येऊन बघितलं.

"माजे डाग कुठं गेले?"

"घालवले."

"हितले घालवले." तिनं कॅनव्हासकडं बोट केलं, मग तेच बोट आपल्या डोळ्याला लावलं. "आन् हितले?"

"तेही जातील."

"मग ह्या गोऱ्या बाईलाच सांगा उद्या भाकऱ्या थापायला," म्हणाली आणि पदरातली टरफलं झाडत उठली.

चित्राला पहिला नंबर मिळाला. मास्तरांनी सगळ्यांदेखत माझा हात हातात घेतला. त्यानंतर दोन वर्षांनी, वैशाखात, सकाळी नळावर कळशी भरता भरता ती खाली बसली आणि उठलीच नाही. मुलगा अकरा वर्षांचा होता. माणूस गेल्यावर तसबीर लागते, ती घरात तयारच होती. भेटायला आलेले लोक तिच्यापुढं उभे राहून म्हणायचे, पेंटरनं काय डोळे काढलेत.

डागाचा आणि हृदयाचा काही संबंध असतो हे मला त्या रविवारपर्यंत माहीत नव्हतं. हे मी शपथेवर सांगतो. पण तिनं विचारलं होतं, हे मला माहीत होतं, आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

जेवण गेलं नाही. दुपारी खाली पार्कात गेलो. तिथल्या बाकावर एक सरदारजी बसतात, माझ्याच वयाचे, सरकारी बस चालवून रिटायर झालेले. आदल्या हिवाळ्यात त्यांनी मला आपल्या बायकोचा फोटो आणून दिला होता. ती गेल्याला चार महिने झाले होते. हनुवटीवर हरभऱ्याएवढा मस, त्यावर दोन केस. मी सवयीनं विचारलं होतं, सफाई करू का. तर ते उसळून म्हणाले होते, "ओ पेंटर साब, खबरदार! मस्सा गया तो मैं सुबह सत श्री अकाल किसको बोलूँगा, पड़ोसन को?" सगळ्या जन्मात सफाई नको म्हणणारं मला हे एकच गिऱ्हाईक भेटलं.

त्या दिवशी मला बघून ते म्हणाले, "क्या बात है जी, मुँह क्यों उतरा है? बहू ने चाय नहीं दी?"

"दी."

"फिर?"

"सरदारजी, वो मस्सा. तसवीर में. आपको रोज दिखता है?"

"रोज. पहले मस्सा दिखता है, बाद में भाभी तुम्हारी." आणि स्वतःच हसले. हसता हसता रुमालानं डोळे पुसले आणि ऊन फार लागतंय म्हणाले. मला तिथं बसवेना.

मुलगा त्या दिवशी कामावर होता. डेराबस्सीला औषधाच्या गोळ्यांचा कारखाना आहे, तिथं तो माल तपासायच्या खात्यात आहे. तपासणीवाले यायचे होते म्हणून रविवारीही बोलावलं होतं. संध्याकाळी त्याची गाडी लागल्याचा आवाज आला तसा मी गॅलरीतून उठून जिन्यापाशी गेलो. तो वर येत होता. दुसऱ्या मजल्यावर थांबला, खिशातून मोबाइल काढला आणि बघत उभा राहिला. तो रोजच तिथं थांबून मोबाइल बघतो. मला आजवर वाटायचं, मोबाइलच बघतो. त्या दिवशी मी वरून वाकून पाहिलं, तर मोबाइलचा उजेड लागलेलाच नव्हता. एक हात कठड्यावर होता.

जेवायला बसलो. सुनेनं पिठलं केलं होतं, आणि बार्शीहून आणलेल्या पिठाच्या भाकऱ्या. ट्यूबलाइट बरोबर मुलाच्या तोंडावर येते. तो वर बघून काही मागायचा तेव्हा मला ती रिंग दिसायची. राखाडी, पांढरट, बारीक ब्रशानं एका दमात फिरवावी तशी. मी रोज त्याच्यासमोर बसून जेवतो. पेंटर म्हणवतो स्वतःला.

नात ताट सोडून लॅपटॉप घेऊन आली.

"आबाजी, एक प्रॉब्लेम आहे. मी तुमची टेस्ट लावली. ती काळ्या ड्रेसवाली बाई. तिची कॉलर तर सफेद आहे. दुधासारखी. मग वार्निश कसं?"

उत्तर माझ्याकडं तयार होतं. कॉलर मागाहून कुणीतरी धुतली असेल, तिच्यावर नवा सफेदा चढवला असेल, असं म्हटलं असतं तर तिनं तेही लिहून घेतलं असतं. तिचा माझ्यावर विश्वास होता. ती टाइप करायला बोटं उचलून माझ्याकडं बघत होती, आणि तिच्या पलीकडं मुलगा भाकरी मोडत होता.

"वार्निश नाही," मी म्हटलं. "रोगच आहे तो. मी सकाळी खोटं सांगितलं."

"पण का?"

"तुझ्या आजीला होते तसे. उजवीकडं एक, डावीकडं दोन. मी चित्रात घेतले नाहीत."

सुनेचा हात तव्यावर थांबला. मुलगा हसला.

"काय अण्णा, काहीही. आईच्या डोळ्यांना काही नव्हतं. मला आठवतंय की."

"तुला चित्र आठवतंय."

"मला आई आठवते. अकरा वर्षांचा होतो मी, पाळण्यात नव्हतो."

"मग सांग, शेंगा फोडताना ती डोळे बारीक करायची, तेव्हा पापणीवर काय दिसायचं?"

तो तसबिरीकडं बघायला लागला. हातातला तुकडा ताटात ठेवला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "अडतीस वर्षं मी त्या फोटोला हार घालतोय. नोकरी लागली तेव्हा पहिला पेढा तिथं ठेवला. आणि ती आई नव्हतीच म्हणजे. तुमची पाटी होती."

मला राग आला. ह्या वयापर्यंत मी कुणाचं ऐकून घेतलेलं नाही, मास्तरांचं नाही तर पोटच्या पोराचं काय. त्या पाट्यांवरच तू शिकलास, एवढं अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं.

"पाटीच," म्हटलं.

नातीनं लॅपटॉप बंद केला. "पप्पा, हे सगळं नंतर. इधर देखो." तिनं मोबाइलचा टॉर्च त्याच्या डोळ्यांवर धरला, मग त्याचे दोन्ही हात घेऊन बोटांच्या पेरांवरून अंगठा फिरवला. एका पेरावर बारीक गाठ लागावी तशी ती थांबली. तीच जागा पुन्हा दाबून बघितली. "उद्या सकाळी माझ्याबरोबर चलायचं. खाली पेट."

"उद्या तपासणीवाले आहेत."

"मग परवा."

"परवाही आहेत."

"पप्पा, प्लीज यार."

"अगं, मला काय झालंय? दुखतंय का माझं कुठं?"

माझेच शब्द. आवाजही माझाच. ताटाच्या पलीकडून मीच बोलत होतो.

"तिचंही दुखत नव्हतं," मी म्हटलं. "तिनं मला विचारलं होतं, दवाखान्यात दावून येऊ का. मी विचारलं, दुखतंय का. ती न्हाई म्हणाली, तर मी तिला म्हटलं डागाचं काम माझं आहे. आणि पापण्या रंगवून टाकल्या. तिला नेलं नाही."

गॅसवरच्या भाकरीचा वास करपट व्हायला लागला तेव्हा सून भानावर आली. मुलगा उठला, बेसिनवर हात धुतले आणि आत गेला. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

नात माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, "आबाजी, तेव्हा नेलं असतं तरी डॉक्टर जास्त काही करू शकले नसते. आजच्या गोळ्या तेव्हा नव्हत्या."

"असेल."

"खरंच. मी खोटं नाही बोलत."

"पण विचारलं होतं तिनं," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. मग माझ्यादेखत लॅपटॉप उघडून काळ्या पोशाखातल्या बाईपुढचा वार्निश हा शब्द काढून टाकला. "आता गोळ्या आहेत," म्हणाली. "पप्पांच्या फॅक्टरीतच बनतात. पण ते ऐकतील तर ना. बिल्कुल तुमच्यावर गेलेत."

सोमवारी सकाळी मी साडेपाचला उठलो. घर झोपलेलं होतं. हॉलमध्ये जाऊन स्टूल न घेता, हात वर करून तसबीर उतरवली. चंदनाचा हार काढून टीव्हीवर ठेवला. काच नाही तिला, मी कधी बसवू दिली नाही. ओल्या फडक्यानं धूळ पुसली. माझी रंगाची पेटी पलंगाखाली असते. सोसायटीत कुणाच्या दाराची पाटी असली तर अजून करून देतो. पिवडी घेतली, सफेदा घेतला, काव टोकाला लावली. चाळीस वर्षांपूर्वी पुसलेला रंग पहिल्याच फेरीला जमला. कालवताना हात स्थिर होता. लावताना डाव्या मुठीवर उजवं मनगट टेकवलं.

उजवीकडला लावला. मग डावीकडले दोन. मागं सरून पाहिलं. गोरी बाई गेली होती. भाकऱ्या थापणारी दिसायला लागली होती.

मागं चाहूल लागली. मुलगा दारात उभा होता, कामावर जायच्या पँटीत, वर बनियन. किती वेळ उभा होता कोण जाणे. मी सरकलो नाही.

तो जवळ आला, वाकला. त्याच्या श्वासाचा आवाज मला येत होता.

"डावीकडचा वरचा अजून आत होता," तो म्हणाला. "नाकाकडं. हसली की सुरकुतीत जायचा."

मी अंगठ्याला फडकं गुंडाळून तो डाग पुसला आणि पुन्हा ब्रश टेकवला. "इथं?"

"जरा खाली. हां."

तेवढ्यात सून रोजच्यासारखी चहाचे दोन कप घेऊन आली आणि चित्र बघून जागीच उभी राहिली. मुलानं आपला कप उचलला, तोंडाजवळ नेला आणि परत ट्रेमध्ये ठेवला.

"आज नको," म्हणाला. "उपाशीपोटी जायचंय ना." आणि मोबाइल काढून कारखान्यात कुणाला तरी सांगितलं, की मी दुपारून येतो, तोवर तपासणीवाल्यांना चहा पाजत ठेवा.

आतून नात केस बांधत बाहेर आली. बापाकडं बघितलं, चित्राकडं बघितलं, आणि एकदम मला म्हणाली, "आबाजी, तुम्ही पण चलता का? तुमचं पण ब्लड देऊन टाकू."

चंदीगडला आल्यापासून मी दवाखान्याची पायरी चढलेलो नाही. त्याचा मला अभिमान होता. मी माझाही कप ट्रेमध्ये ठेवला. रंग ओला होता, म्हणून तसबीर भिंतीला न टांगता खुर्चीवर उभी केली. हार घातला नाही. मग चपला घातल्या आणि तीन जिने उतरताना मुलाचा खांदा धरला. एरवी मी कुणाला धरत नाही.